रेकॉर्डवरच्या किमतीच्या चिठ्ठ्या : प्रकल्प नोंदी, सांगली

८ जून २०२४

काम नेमकं काय, ते आधी लिहून ठेवतो. सांगली, मिरज आणि आसपासच्या गावांतून आमच्याकडे आलेल्या जुन्या रेकॉर्डवर किमतीची चिठ्ठी, दुकानाचा शिक्का, हाताने लिहिलेला आकडा, मालकाची खूण असं जे काही असेल त्याचा फोटो घ्यायचा, मापं घ्यायची आणि मगच रेकॉर्ड साफ करायची.

गाण्यांच्या याद्या पुष्कळांनी केल्यात. रेकॉर्ड काढणाऱ्या एचएमव्ही कंपनीच्या क्रमांकावरून रेकॉर्ड कुणाची, हे शोधता येतं. बरीचशी गाणी फोनवर ऐकताही येतात. पण हीच रेकॉर्ड सांगलीच्या हरभट रोडवर कुणी किती रुपयांना घेतली आणि काही वर्षांनी तासगावात ती किती रुपयांना परत विकली गेली, ते त्या बोटभर कागदावरच लिहिलेलं असतं. साफसफाईला बसलं की पहिल्यांदा तोच खरवडला जातो.

जागा गावभागातल्या आमच्या घराची माडी. फोटो भाची काढते, वही मी लिहितो. माल तीन ठिकाणचा आहे : एका बंद झालेल्या दुकानाची पेटी, मिरजेच्या रद्दीवाल्याकडचा गठ्ठा आणि लग्नाला, जत्रेला स्पीकर लावणाऱ्या एका स्पीकरवाल्यांच्या घरातल्या दोन ट्रंका.

१३ जून

हत्यारं जमवली. भिंग, मोजपट्टी, केस वाळवायचा ड्रायर, जुनं एटीएम कार्ड (धार नसलेलं, चिठ्ठीखाली सरकवायला उत्तम), मऊ ब्रश, पांढरं सुती कापड, लायटरमध्ये भरायचं पेट्रोल.

भाचीला पहिल्याच दिवशी एक गोष्ट बजावून सांगितली : ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या रेकॉर्डला स्पिरिट लावायचं नाही, थेंबभरसुद्धा नाही. त्या रेकॉर्डमध्ये लाख असते. दगडाची बारीक पूड, काजळी आणि थोडे सुताचे तंतू लाखेत बांधून ती थापलेली असते, आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. फर्निचरला पॉलिश करणारा सुतार तेच तर करतो. एलपी आणि ईपी, म्हणजे नंतरच्या, सावकाश फिरणाऱ्या रेकॉर्ड, विनाइल प्लॅस्टिकच्या, त्यांना हे भय नाही. पण लेबलचा कागद आणि त्यावरची शाई दोन्हीकडे नाजूक, म्हणून चिठ्ठी लेबलवरच डकवलेली असेल तर तिला हात लावायचा नाही, असं ठरवलं.

कव्हरच्या पुठ्ठ्यावरची चिठ्ठी काढायचीच झाली तर आधी ऊब द्यायची. डिंक नरम पडला की कार्ड सरकवायचं. मागे चिकटपणा राहिला तर कापसावर लायटरचं पेट्रोल घेऊन टिपायचं. ते उडून जातं, सहसा डाग ठेवत नाही. खिडकी उघडी हवी आणि जवळ उदबत्तीही नको.

२१ जून

दुकानाच्या पेटीतली एक स्टिरिओ एलपी. कव्हरच्या उजव्या कोपऱ्यात चिठ्ठीवर चिठ्ठी, एकूण तीन. संध्याकाळ त्यातच गेली, आणि ती जावी अशीच होती.

वरची नारिंगी, गोल, भडक. तिच्यावर स्केचपेनने ‘१०’. ड्रायरच्या उबेने ती अलगद सुटली. खाली किंमत मारायच्या बंदुकीची पांढरी पट्टी, जांभळ्या आकड्यांत ‘२५.००’. हिला त्या नागमोडी कडा आणि मधोमध कापाच्या चिरा होत्या. कुणी चिठ्ठी काढून दुसऱ्या मालावर लावायला गेला तर ती फाटावी म्हणून त्या चिरा असतात. कार्ड फार हळू सरकवलं तरी तिचा एक कोपरा खालीच राहिला. आणि सगळ्यात खाली छापील चिठ्ठी : वर दुकानाचं नाव, खाली ‘सांगली ४१६४१६’, मध्ये बॉलपेनने ‘४८.५०’. ही चिठ्ठी वरच्या चिठ्ठ्यांच्या डिंकातल्या तेलाने तपकिरी झाली आहे, इतकी की तिच्याखालचा कव्हरवरचा तानपुरा तिच्यातून दिसतो.

पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला, म्हणजे खालची चिठ्ठी त्याआधीची नाही. ‘२५’ आणि ‘१०’ मागचं कारण मला तरी उघड वाटतं. ऐंशीच्या दशकात कॅसेटा आल्या, घराघरात टेपरेकॉर्डर आला, आणि काउंटरमागच्या एलपींना गिऱ्हाईक राहिलं नाही. दुकानदाराने जुनी किंमत खोडली नाही, तिच्यावर नवी डकवली. त्यामुळे ‘४८.५०’ जसाच्या तसा राहिला.

भाची म्हणाली, “मामा, ही तर रेकॉर्डची जन्मपत्रिकाच झाली.” तिन्ही चिठ्ठ्या बटरपेपरवर क्रमाने लावून त्याच कव्हरच्या आत ठेवल्या. रेकॉर्ड वाजवून पाहिली. दुसऱ्या बाजूला थोडी खरखर, बाकी उत्तम.

२ जुलै

आजचा दिवस काळ ठरवण्याचा. ७८ च्या एका रेकॉर्डचं तपकिरी कागदी पाकीट. कोपऱ्यात टाकाने लिहिलेलं ‘३–१२–०’. शेजारी जांभळ्या शाईचा रबरी शिक्का, ‘रु. ३.७५ न.पै.’.

भाचीला वाटलं, किंमत वाढवली की कमी केली? दोन्ही नाही. तीन रुपये बारा आणे म्हणजेच तीन रुपये पंचाहत्तर नवे पैसे. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली. त्याआधी सोळा आण्यांचा रुपया, चार पैशांचा आणा. दुकानदाराने शिल्लक मालावर नव्या चलनात तीच किंमत मारली, एवढंच. ‘नया’ हा शब्द १९६४ मध्ये गळाला आणि नुसता पैसा उरला. तेव्हा ‘न.पै.’ दिसलं की ती चिठ्ठी या सात वर्षांतली धरायला हरकत नाही.

दुसऱ्या एका पाकिटावर ‘२–१०’ खोडून ‘२.६२’ केलंय. दहा आण्यांचे हिशेबाने साडेबासष्ट नवे पैसे होतात. वरचा अर्धा पैसा दुकानदाराने सोडला. हे पाहून मला त्या माणसाबद्दल फार बरं वाटलं, का ते सांगता येणार नाही.

तिसऱ्या पाकिटावरचा शिक्का आणखी मोलाचा : ‘सांगली, जि. द. सातारा’. सांगली संस्थान १९४८ मध्ये विलीन झालं, १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली जिल्हा झालं. आज सांगलीच्या तरुण पोरांना विचारलं तर आपला जिल्हा कधीकाळी दक्षिण सातारा होता, हे दहातल्या एखाद्यालाच ठाऊक असेल. एका गाण्याच्या पाकिटावर तो अजून जिवंत आहे. मात्र शिक्का बदलायची घाई कुठलाच दुकानदार करत नाही, जुना झिजेपर्यंत चालवतो. म्हणून १९६० ही रेघ पक्की मानायची नाही, ‘सुमारे’ असं लिहायचं.

११ जुलै

मिरजेचा गठ्ठा. बहुतेक कव्हरं कोरी, चिठ्ठ्या नाहीत. नोंद संपली.

२६ जुलै

कृष्णेचं पाणी वाढतंय. पेट्या आधीच माडीवर आहेत, तरी खालच्या ट्रंका पण वर घेतल्या. २०१९ चा ऑगस्ट इथे कुणी विसरलेलं नाही. गावभाग, हरभट रोड, मारुती चौक सगळं पाण्यात होतं. जुलैत पाऊस लागून राहिला की आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आलंय, हे सांगलीत दूधवाल्यापासून सगळे एकमेकांना विचारतात.

दुकानाच्या पेटीतला खालचा थर त्या पुरात भिजलेला आहे. कव्हरांवर गाळाची रेघ स्पष्ट दिसते. विनाइलला पाण्याने काही होत नाही, गाळ धुतला की ती वाजते. पुठ्ठा आणि लेबलं मात्र जातात. ७८ च्या रेकॉर्डना भिजणं बाधतं, त्या पाण्यात बुडवून धुवायच्या नाहीत.

आज भिजलेली आणि कोरडी कव्हरं दोन ढिगांत लावली तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. कोरड्या ढिगात सगळ्या काळच्या चिठ्ठ्या आहेत. भिजलेल्या ढिगात फक्त नंतरच्या काळातल्या, म्हणजे मागे आपोआप चिकटणारा डिंक असलेल्या. जुन्या काळी चिठ्ठी खळीने किंवा झाडाच्या डिंकाने चिकटवायचे, नाहीतर पोस्टाच्या तिकिटासारखी ओली करून लावायचे. तो डिंक पाण्यात सुटतो. नव्या चिठ्ठ्यांचा डिंक पाण्याला दाद देत नाही. म्हणजे पुराने निवड केली : ‘४८.५०’ वाहून गेले, ‘१०’ राहिले. त्या ढिगाकडे बघून कुणी म्हणालं की सांगलीत रेकॉर्ड पहिल्यापासून दहा-पंधरा रुपयांना विकायचे, तर ते चूक ठरेल. हे वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहून ठेवलं.

९ ऑगस्ट

पाणी ओसरलं. घरात आलं नाही.

भिजलेल्या कव्हरांकडे परत वळलो. चिठ्ठी गेली तरी तिची जागा जात नाही. कव्हर वर्षानुवर्षं उजेडात फिकं होतं, चिठ्ठीखालचा चौकोन मूळ रंगाचा राहतो. भाचीने टॉर्च आडवा धरला, तसे ते चौकोन उठून दिसले. मापं घेतली. बऱ्याच ठिकाणी ३८ बाय २५ मिलिमीटर, डावा वरचा कोपरा किंचित कापलेला. कोरड्या ढिगातल्या त्या छापील चिठ्ठीचं माप आणि कापलेला कोपरा हुबेहूब तोच.

म्हणजे दुकान कळलं. किंमत बहुतेकांची कळली नाही. पण एका कव्हरवर बॉलपेन दाबून लिहिल्याची खूण पुठ्ठ्यात उमटली आहे आणि तिरप्या उजेडात ‘३२’ वाचता येतो. कव्हर नाट्यसंगीताचं आहे. ज्या गावात विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये नाटक उभं केलं, जिथून हाकेच्या अंतरावर हरिपूर, म्हणजे नाटककार देवलांचं गाव, आणि ज्या जिल्ह्यातलं नागठाणे हे बालगंधर्वांचं जन्मगाव, तिथे नाट्यसंगीताच्या एलपीला बत्तीस रुपये द्यायला कुणीतरी पुढे आलं, याचं नवल नाही. तरी तो आकडा बोटाने चाचपून बघताना हात थांबला.

२४ ऑगस्ट

पेटी ज्या दुकानाची, तिथे काउंटरवर बसणारे काका विश्रामबागेत राहतात. चिठ्ठ्यांचे फोटो घेऊन गेलो. काही चिठ्ठ्यांवर किमतीखाली बारीक दोन अक्षरं आहेत, त्यांचा उलगडा आम्हाला होत नव्हता.

काकांनी चष्मा पुसला, फोटो जवळ धरला आणि हसले. “ही खरेदी. हे चौदा.” वर विक्रीची किंमत बारा.

दुकानदारांची ही जुनी रीत आहे. दहा वेगवेगळ्या अक्षरांचा एक शब्द किंवा नाव ठरवायचं, पहिलं अक्षर एक, दुसरं दोन, शेवटचं शून्य. खरेदीचा भाव त्या अक्षरांत चिठ्ठीवरच लिहायचा. गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की नोकराला कुठवर खाली यायचं ते कळतं, गिऱ्हाइकाला कळत नाही. कापडाच्या, भांड्यांच्या दुकानांतही हे चालायचं.

मी विचारलं, “काका, मग चौदाचा माल बाराला का?”

“अहो, मोडीत काढायचा होता. गावातून जुन्या रेकॉर्डी विकायला यायचे लोक, मालक नाही म्हणायचे नाहीत. आणि मग त्या पडून राहायच्या. कॅसेटचा माल भरायला पैसा मोकळा करायला नको का?”

शब्द कोणता, तेही त्यांनी सांगितलं. मग थोडं थांबून म्हणाले, “पण तो लिहू नका वहीत. मालकांनी सांगितला तेव्हा बाहेर सांगणार नाही असं कबूल केलं होतं मी.” दुकान बंद होऊन किती काळ लोटला, मालकही गेले. मी शब्द लिहिलेला नाही. प्रत्येक चिठ्ठीपुढे अक्षरं आणि त्यांचा आकडा तेवढा लिहिला आहे.

त्या हिशेबाने पाहिलं तर वापरलेल्या रेकॉर्डपैकी बऱ्याच तोट्यात गेल्या आहेत. मालक नाही म्हणत नसत, हे काकांचं वाक्य चिठ्ठ्यांनी खरं ठरवलं.

२२ सप्टेंबर

गणपती झाले, स्पीकरवाले मोकळे झाले. ट्रंका ज्यांच्या, ते आजोबा स्वतः माडीवर आले. जिना चढताना आधार घेतला नाही.

यांच्या रेकॉर्डवरच्या खुणा दुकानाच्या चिठ्ठ्यांहून निराळ्या. लेबलवर पांढऱ्या ऑइलपेंटने मोठा आकडा. कव्हरवर दवाखान्यातली चिकटपट्टी, तिच्यावर शाईने गाव आणि किंमत : ‘कोल्हापूर ११’, ‘मिरज ७’.

“आकडा कशाला, आजोबा?”

“आवं, मांडवात उजेड कुठं हुता? वरात दारात आली की हवी ती प्लेट हाताला घावाय पायजे. वहीत बगायचं, आकडा काढायचा, लावायची.”

वही आणली होती. आकड्यापुढे गाणं, आणि पुढे एकेक अक्षर : ‘प’ पहाटेचं, ‘व’ वरातीचं, ‘ज’ जेवणावळीचं. जत्रेची यादी वेगळ्या पानावर. ज्याला आपण आज प्लेलिस्ट म्हणतो ती या माणसाने शाईने लिहिली होती, आणि तिच्याप्रमाणे गावंच्या गावं जागी झाली, जेवली, नाचली.

किंमत का लिहायची, हे मी स्वतः होऊन ओळखलं नसतं. ती विकण्यासाठी नव्हतीच. “फुटली तर भरून घ्यायला. मांडवात पोरंसोरं. पाय पडला की खलास. मग भांडान नको, पट्टीवर लिवलंय तेवढं द्यायचं.” ७८ ची रेकॉर्ड हातातून पडली तर तिचे तुकडे होतात, हे ज्यांनी ती हाताळली नाही त्यांना सांगावं लागतं.

कुणी भरून दिले का, असं भाचीने विचारलं.

“दिलं की. येकदा न्हाई मागितलं. पोरगी सासरी निगाली हुती, बाप रडत हुता. तेवड्यात प्लेट फुटली. त्येला काय मागायचं?”

त्या फुटलेल्या रेकॉर्डचं रिकामं पाकीट ट्रंकेत आहे. पट्टीवर ‘सांगली ५’. आकडा ८३. वहीत ८३ पुढे गाण्याचं नाव आहे, त्यावर रेघ मारलेली नाही.

६ ऑक्टोबर

पुण्याहून एका संग्राहकांचा फोन. तीन चिठ्ठ्यांची एलपी हवी आहे, चांगले पैसे देतात, मात्र कव्हर ‘क्लीन’ पाहिजे. त्यांचंही बरोबर आहे. चिठ्ठीमुळे बाजारात कव्हरची प्रत खाली धरतात, आणि जुना डिंक वर्षं जातील तसा पुठ्ठ्यात उतरत राहतो, हेही खरं. मी त्यांना सांगितलं की चिठ्ठ्या काढून झाल्या आहेत, आतल्या बटरपेपरवर आहेत, रेकॉर्ड आणि त्या एकत्रच जातील, वेगळ्या नाही. ते विचार करून कळवतो म्हणाले.

जागच्या जागी ठेवावी की काढून जपावी, यावर भाचीचं आणि माझं एकमत नाही. तिचं म्हणणं, काढली की ती नुसता कागद होते. माझं म्हणणं, वरची काढल्याशिवाय खालची दिसत नाही. तूर्तास एकच नियम : एकावर एक असतील तरच काढायच्या.

१९ ऑक्टोबर

भावगीतांची एलपी. मागच्या बाजूला निळ्या शाईत ‘लग्नाप्रीत्यर्थ सप्रेम भेट’, खाली मैत्रिणीचं नाव, १९६९. कोपऱ्यातली दुकानाची चिठ्ठी शाबूत, पण तिच्यावरचा आकडा त्याच निळ्या शाईने गच्च गिरवून टाकलेला.

आहेरावरची किंमत खोडणं ही आपली रीतच आहे. पुस्तक असो, भांडं असो, किंमत दिसू देत नाहीत. भाची टॉर्च घेऊन आली, तिरप्या उजेडात वाचता येईल म्हणाली. मी नको म्हटलं. देणाऱ्याने मुद्दाम झाकलेलं आहे. नोंद अशी केली : ‘किंमत खोडलेली, भेट देणारीकडून’.

रेकॉर्ड आमच्याच गल्लीतल्या मावशींच्या घरची निघाली. घर आवरताना रद्दीत गेली आणि मिरजेच्या गठ्ठ्यातून परत गावभागात आली.

१० नोव्हेंबर

दिवाळीच्या फराळाचा डबा परत द्यायला मावशींकडे गेलो, रेकॉर्ड बरोबर नेली. त्यांनी कव्हर उलटं केलं, खोडलेल्या चिठ्ठीवर बोट ठेवलं.

“हे मीच गिरवलंय.”

मैत्रीण होती, तिने दिलेली भेट साडीची. रेकॉर्ड मावशींनी स्वतः घेतली होती. नोकरीला लागून थोडेच महिने झाले होते, लग्न ठरलं होतं, आणि सासरी जाताना ही गाणी बरोबर हवी होती. “स्वतःच्या पैशाने घेतली म्हटलं असतं तर एवढे पैसे गाण्यावर घालवले, असं झालं असतं. मैत्रिणीला विचारलं, तुझं नाव घालू का? ती म्हणाली, घाल.”

“किती रुपये होते?”

“अठ्ठावीस. दुकानदाराने एक रुपया कमी केला. सत्तावीस दिले.”

वहीत लिहू का, असं विचारलं. त्या म्हणाल्या, लिही, माझं नाव तेवढं घालू नकोस, आता कुणी रागवायला उरलं नाही पण नको. रेकॉर्ड त्यांनी ठेवून घेतली. त्यांच्याकडे वाजवायला यंत्र नाही. पुढच्या रविवारी आमचा फिएस्टा रेकॉर्ड प्लेअर घेऊन जायचं ठरलं आहे. त्याचा पट्टा सैल झालाय, तो आधी बदलायला हवा.

१९ ऑक्टोबरची नोंद दुरुस्त केली : ‘किंमत २८, दिली २७. खोडली विकत घेणारीनेच.’

२४ नोव्हेंबर

वहीत दोन रकाने वाढवले : ‘किंमत कशासाठी लिहिली’ आणि ‘कुणी खोडली’. आधीच्या सगळ्या नोंदी त्यासाठी परत तपासायच्या आहेत. जिथे सांगणारं माणूस भेटलं नाही तिथे रकाना रिकामा ठेवायचा, अंदाज भरायचा नाही.

पुण्याच्या संग्राहकांचा निरोप आला. एलपी चिठ्ठ्यांसकट हवी आहे. तिन्ही चिठ्ठ्यांची नक्कल काढून आमच्याकडे ठेवली, मूळ बटरपेपर कव्हरमध्ये घातला आणि पार्सल बांधलं.

राहिलेलं : आजोबांच्या वहीचे फोटो (शाई उडत चालली आहे, हे आधी), भिजलेल्या ढिगातल्या उरलेल्या चौकोनांची मापं, आणि तासगावच्या एका वाड्यातून निरोप आहे, तिथल्या पेटीत चावीच्या फोनोच्या (ग्रामोफोनच्या) पिनांचे डबे आणि किमतीसकट पाकिटं आहेत म्हणे. बेदाण्याचा हंगाम सुरू व्हायच्या आत जाऊन यायला हवं, मग त्या घरात कुणाला बोलायला सवड मिळणार नाही.